जिभेला न चिकटलेला जबडा

१

सकाळी पाहुण्यांनी जबडा जिभेला लावला आणि तो चिकटला नाही. घडले ते एवढेच. पण तेवढ्यावरून संग्रहालयातल्या माणसांचे चेहरे असे उतरले की बाहेरून येणाऱ्याने विचारावे, कोण गेले?

गेला होता तो एक जबडा. नखाएवढा, खालच्या बाजूचा, दात शाबूत असलेला. कोट्यवधी वर्षे दगडात निजलेला, आणि इथले सर्वांत जुने संशोधक अण्णा तरुण असताना त्यांनी एका खाणीतून ओंजळीत पाखरू आणावे तसा आणलेला. अण्णांनी त्याला वटवाघूळ म्हटले आणि वटवाघळांच्या कप्प्यात ठेवले. तिथे तो चाळीसेक वर्षे गुमान पडून होता. दोन वर्षांपूर्वी इथल्या संशोधिकेने तो उचलला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, हे वटवाघूळ नव्हे, माकडांचा मोठ्या डोळ्यांचा दूरचा नातलग जो लेमूर, त्याच्या घराण्यातला हा कुणी पूर्वज आहे. त्या दिवसापासून त्या इवल्याशा हाडाला मंत्र्याचा मान आला. वेगळे कपाट, वेगळे कुलूप, वेगळी किल्ली.

आता, या धंद्यातल्या लोकांची एक रीत आहे. हातातला तुकडा अस्सल की नक्कल अशी शंका आली की ते खुशाल त्याला जीभ लावून बघतात. जुन्या हाडात बारीक बारीक छिद्रे असतात. ती जिभेची ओल ओढून घेतात आणि हाड जिभेला चिकटते. दगड चिकटत नाही. रेझिनची, म्हणजे प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या रसायनाची, ओतीव नक्कल तर मुळीच नाही. चारचौघांत न लाजता हाडे चाटणारी हीच माणसे घरी जेवायच्या आधी दोनदा हात धुतात, ती गोष्ट वेगळी.

पाहुणे याच विषयातले मोठे जाणकार, जबडा बघायला फार लांबून आले होते. त्यांनी तो चिमट्यात धरला, जरा कपाळाला आठी घातली, जिभेच्या टोकाला लावला आणि पुन्हा डबीत ठेवला.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले. "पण ही नक्कल आहे. मूळ कुठे आहे?"

संग्रहालयाच्या प्रमुखांनी तिथल्या तिथे डबीचे पारदर्शक झाकण लावले, वरून चिकटपट्टी फिरवली आणि कुणीही हात लावायचा नाही म्हणून बजावले. मग सगळ्यांना खालच्या मोठ्या दालनात बोलावून सगळ्यांदेखत त्यांनी एकाच बाईकडे बोट केले. इतकी हुबेहूब नक्कल करणारे हात या इमारतीत एकाच माणसाचे होते. साचे घेणाऱ्या, प्रतिकृती ओतणाऱ्या त्या बाईंना सगळे साचेताई म्हणत.

साचेताई म्हणाल्या, "मी घेतलेला नाही." त्यापुढे एक शब्द नाही. संध्याकाळपर्यंत जबडा आला नाही तर पोलिसांत तक्रार आणि नोकरीला रामराम, असे त्यांना सांगण्यात आले. वीस वर्षे त्या इथे होत्या. त्या मान खाली घालून आपल्या खोलीत गेल्या आणि ॲप्रनची घडी घालू लागल्या.

कपाटाचे कुलूप तुटलेले नव्हते. ते किल्लीनेच उघडले गेले होते. आणि ती किल्ली साचेताईंच्या गळ्यात होती.

२

प्रमुखांच्या वहिनी दातांच्या डॉक्टर. दवाखाना सांभाळून कितीतरी वर्षे त्यांनी पोलिसांना मदत केली होती. जळालेली, बुडालेली, ओळख हरवलेली माणसे केवळ दातांवरून कोण होती ते त्या सांगत. त्या म्हणायच्या, माणूस मेला की खोटे बोलायचे सोडतो, दाढ तर जिवंतपणीही खोटे बोलत नाही. दिराचा फोन आला तेव्हा त्या एका म्हाताऱ्याच्या कवळीचे माप घेत होत्या.

"भाऊजी, एकाच्या तोंडात मापाचा मसाला भरून आलेय," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "तो सेट व्हायच्या आत सांगा काय ते."

प्रमुख बाहेर कितीही वाघ असले तरी वहिनींपुढे त्यांची शेळी होई. लहानपणी त्यांची दुधाची दाढ याच वहिनींनी दोरा बांधून काढली होती, आणि त्याची आठवण त्या दर सणासमारंभाला पंगतीत काढत. प्रमुखांनी सगळे सांगितले. घरातली गोष्ट घरात राहावी म्हणून तुम्हाला बोलावले, असेही सांगितले. आणि एक विनंती केली: वर वाचनालयात अण्णा बसलेत, त्यांच्या कानावर यातले काही घालू नका. वय झालेले, कान गेलेले, हात कापणारे. आयुष्यभराची ठेव हरवली कळले तर खचतील. म्हणून सकाळपासून कुणी वर फिरकलेलेच नाही.

"म्हणजे सगळ्यांना विचारायचं, एक सोडून," वहिनी म्हणाल्या.

"ते काय सांगणार? कपाटाच्या किल्लीला हात लावायचीही त्यांना परवानगी नाही आता. मीच काढून घेतली आणि साचेताईंकडे दिली. मागे एक कवटी सुटली होती हातून."

वहिनी उठल्या. त्यांनी आधी पाहुण्यांना गाठले.

पाहुणे सरळ माणूस निघाले, सरळ आणि जरा ताठ. त्यांनी आपण होऊनच सांगितले की हा जबडा गहाळ झाल्याने सर्वांत जास्त फायदा त्यांचाच आहे. कारण त्यांनी एका जाडजूड पुस्तकात लिहून ठेवले होते की लेमूरचे घराणे इतके जुने असूच शकत नाही. जबडा अस्सल ठरला असता तर ते पुस्तक रद्दीत. वहिनींना हे आवडले. संशय आपल्यावर येतो हे स्वतः सांगणारा माणूस एकतर निर्दोष असतो, नाहीतर फार हुशार.

"जीभ कुठे लावलीत?" त्यांनी विचारले.

"म्हणजे?"

"जबड्याला पुढचं टोक आहे, मागचं टोक आहे. मध्ये दात आहेत. कुठे लावलीत?"

पाहुण्यांना प्रश्न पोरकट वाटला. मागच्या तुटक्या टोकाला, ते म्हणाले. दातांना कोण लावतो, दात कधी चिकटत नाहीत. शिवाय जीभ लावायच्या आधीच त्यांना संशय आला होता. तुकडा चकाकत होता. नव्या रेझिनसारखा.

"सगळाच?"

पाहुण्यांनी आठवून पाहिले. एवढे काही त्यांनी पाहिले नव्हते.

३

संशोधिकेला कामगारवर्ग पाठीमागे फणीवाली म्हणे, कारण गेली दोन वर्षे तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. वहिनींनाही तिने तेच सांगितले, पण इतका जीव लावून की वहिनी घड्याळ विसरल्या.

लेमूरच्या खालच्या जबड्यात पुढचे दात उभे नसतात. ते बारीक, लांब आणि पुढे झुकलेले असतात, एकमेकांना चिकटून, फणीसारखे. त्यांचे काम चावायचे नाही, विंचरायचे. लेमूर स्वतःचे आणि एकमेकांचे केस त्या दातांनी विंचरतात. आणि केस इतका मऊ असला तरी वर्षानुवर्षे दातांच्या फटीतून फिरला की दातावर खाच पाडतो. विहिरीच्या काठावर दोर पाडतो तशी, फक्त डोळ्याला न दिसणारी. आज लेमूर रानात राहतात ते एकट्या मादागास्कर बेटावर. पण त्यांचे पूर्वज कधीतरी मुख्य भूमीवरूनच तिथे गेले असणार, बहुधा पुरात उन्मळलेल्या झाडांवर बसून, समुद्र ओलांडून. ते पूर्वज कोण, केव्हा निघाले, ते कसे सांगावे? अशा एखाद्या जबड्यावरून. पुढच्या दातांवर केसांच्या खाचा दिसल्या की प्रश्नच मिटला. वटवाघूळ दातांनी भांग पाडत नाही.

"खाचा तू पाहिल्यास?"

तिने मान हलवली. इथली यंत्रे जुनी. पाहुणे सोबत मोठे सूक्ष्मदर्शक घेऊन आले होते, आज दुपारी पहिल्यांदा नीट बघायचे ठरले होते.

"मग खाचा नसत्याच तर?" वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं तू जे सांगत आलीस ते आज दुपारी खोटं ठरलं असतं. जबडा हरवला तर ते कधीच खोटं ठरत नाही."

संशोधिकेचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाली, "असा विचार मी केलाय. रात्री झोप लागत नाही तेव्हा. पण करून बघितलेला नाही."

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग काल दुपारनंतर जबडा कुणी पाहिला ते विचारले. कुणीच नाही. काल दुपारी तिने स्वतः तपासून आत ठेवला होता, ठणठणीत होता. आणि अण्णा? पाहुणे येणार हे ठरल्यापासून, म्हणजे महिनाभर, अण्णा तिच्याशी बोललेले नव्हते. ज्याला आपण चाळीस वर्षे वटवाघूळ म्हटले त्याला कालची पोर लेमूर म्हणते, हे म्हाताऱ्याला लागले होते.

"त्या खाचा दिसू नयेत असं इथे फक्त एकाच माणसाला वाटत असेल," ती हळूच म्हणाली. "पण त्यांना विचारायचं नाही म्हणे."

४

साचेताईंची खोली तळघरात होती, पण ओलसर नव्हती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ओळीने पांढऱ्या, करड्या, तपकिरी कवट्या आणि जबडे, सगळे खोटे आणि सगळे खऱ्याहून खरे. मागच्या वर्षी एका विद्वानाने यातल्याच एका कवटीवर तासभर भाषण ठोकले होते आणि मग ती उचलल्यावर तिच्या बुडाशी रेझिनचा बुडबुडा निघाला होता. ती गोष्ट आठवून लोक आजवर हसत होते. आज त्याच गोष्टीने साचेताईंच्या गळ्याभोवती फास आवळला होता.

वहिनी आत आल्या तेव्हा साचेताई पिशवी भरत होत्या आणि स्वतःशी काही गुणगुणत होत्या. कोरड्या, सपाट आवाजात, जशी बाई भांडी लावताना गुणगुणते.

साचा गं साचा बाई, आत जपतो पोकळी,
पोकळीत उमलते पुन्हा गेलेली पाकळी.

"कुणाची ओवी?"

"माझीच. मसाला घोटताना किती वेळ घोटायचा ते कळावं म्हणून. दोनदा म्हटली की झाला."

वहिनींना हसू आले. त्या म्हणाल्या की आपण दोघी एकाच धंद्यातल्या. मीही माणसांच्या तोंडाचे साचे घेते, फक्त माझी गिऱ्हाइके ओकतात. साचेताईंच्या ओठाचा कोपरा हलला. पण किल्लीचा विषय निघाल्यावर ती हललेली रेघ पुन्हा सरळ झाली. किल्ली कुणाला दिली होती का? उत्तर नाही. काल दुपारनंतर गळ्यातून काढली होती का? उत्तर नाही.

"तुम्ही घेतला नाही म्हणता, आणि कुणी घेतला तेही सांगत नाही. भाऊजी संध्याकाळी पोलिसांना फोन करतील. उद्यापासून तुम्ही कुठे जाल?"

"माहीत नाही." साचेताईंनी पिशवीचे बंद ओढले. "डॉक्टर, मला खोटं बोलायचं नाही. म्हणून बोलतच नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. आयुष्यभर त्यांनी दुखऱ्या दाताची माणसे पाहिली होती. काही जण आरडाओरडा करतात, त्यांचे फारसे दुखत नसते. खरे दुखणारा जबडा आवळून धरतो. ही बाई स्वतःला वाचवायला गप्प नव्हती; स्वतःला वाचवायचे असते तर कुणाचेही नाव घेता आले असते. ती दुसऱ्याला पाठीशी घालत होती.

"या जबड्याची तुम्ही ओतलेली नक्कल आहे?"

साचेताईंनी फळीवरून कापसात ठेवलेला एक तुकडा काढून दिला. साचा गेल्या महिन्यात घेतलेला, एकदाच. हाड नाजूक म्हणून दुसरा घ्यायचा नाही असे ठरले होते. त्या एका साच्यातून ओतलेली ही नक्कल.

वहिनींनी ती भिंगाखाली धरली, खाली येताना डबीच्या झाकणातून पाहिलेल्या तुकड्याशी मनात ताडून पाहिली आणि खुर्चीत सावकाश बसल्या. मग उठल्या.

"ॲप्रन पिशवीतून काढा," त्या म्हणाल्या. "आणि वर चला."

५

खिडकीजवळच्या टेबलावर दुपारचे ऊन आले होते. एका बाजूला चिकटपट्टी लावलेली डबी, दुसऱ्या बाजूला साचेताईंची नक्कल. प्रमुख, पाहुणे, संशोधिका टेबलाभोवती; साचेताई दाराशी, पिशवी हातातच. वहिनींनी डोळ्यांना दवाखान्याची भिंगे लावली होती, त्यामुळे त्या मोठ्या डोळ्यांच्या, विचारी प्राण्यासारख्या दिसत होत्या.

त्यांनी चिकटपट्टीला हात लावला नाही. दातांचा छोटा आरसा काढून खिडकीतला उजेड झाकणातून आत पाडला.

त्यांचे म्हणणे असे होते. साचा एकच. त्यातून निघालेली प्रत्येक नक्कल या नकलेसारखीच हवी. नकलेच्या शेवटच्या दाढेखाली हाड गुळगुळीत आहे. डबीतल्या तुकड्याला मात्र त्याच जागी एक चीर आहे, केसाएवढी, दाढेपासून कडेपर्यंत उतरलेली.

"साचा असतं तेवढंच देतो," वहिनी म्हणाल्या. "साचा घेतला तेव्हा नसलेली चीर तो कुठून आणेल?"

पाहुणे म्हणाले की नक्कलही पडून तडकू शकते. वहिनींना तेच हवे होते. त्यांनी भिंगे काढून त्यांच्या नाकावर चढवली आणि चिरेच्या आत बघायला सांगितले. रेझिनच्या नकलेला रंग वरून दिलेला असतो. ती फुटली तर आत एकजात फिकट दिसते. पाहुणे वाकले. ऊन चिरेत शिरले होते. आत काळपट तपकिरी रंग, आणि त्यात मिठाच्या दाण्यांसारखी चमक, दगड होऊन गेलेल्या हाडाची.

पाहुणे आणखी खाली वाकले. त्यांचे कान लाल होताना मागून दिसले.

"भाऊजी, चोरी झालेलीच नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमचा जबडा सकाळपासून इथे बसलाय. चिकटपट्टी तुम्हीच लावलीत."

प्रमुख चिकटपट्टीकडे बघू लागले. संशोधिकेने हाताने तोंड झाकले. पण पाहुणे सरळ उभे राहिले आणि म्हणाले, मग तो चिकटला का नाही? आजवर त्यांची जीभ कधी चुकली नव्हती.

"जीभ चुकली नाही," वहिनी म्हणाल्या. "कुणीतरी छिद्रं बुजवली."

६

लहान मुलांच्या दाढांतल्या खाचा कीड लागू नये म्हणून वहिनी औषधाने बुजवत. वाळले की वर एक ओली तकाकी राहते, आणि ती कुठे सुरू होते नि कुठे संपते ते आरशात स्पष्ट दिसते. हीच तकाकी जबड्यावर होती. हाडे सांधायचा पातळ गोंद.

गोंद म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या नजरा छताकडे गेल्या. आता इथे कुणी तपासणीआधी हाडाला गोंद लावत नव्हते. आधी बघायचे, मग लावायचा, असा नियम कधीचा झाला होता. खाणीतून काढले की आधी गोंद पाजायचा ही जुन्या लोकांची पद्धत. जुने असे इथे एकच उरले होते.

"अण्णांनी," संशोधिका म्हणाली. "खाचा बुजवल्या त्यांनी. दिसूच नयेत म्हणून."

"अण्णांचं नाव घेऊ नका," दारातून साचेताई म्हणाल्या. सकाळपासून त्यांचा आवाज पहिल्यांदा वर चढला होता.

वहिनींनी दोघींना थांबवले आणि संशोधिकेच्या हातात आरसा दिला. बघ म्हणाल्या, कुठवर आहे ते. ती पाहू लागली. मागच्या तुटक्या टोकावर तकाकी दाट होती, चिरेवर तर ओघळ आलेला, इकडेतिकडे थेंब सांडलेले, जसे कापत्या हाताने सांडतात. पण पुढे, फणीच्या दातांच्या अलीकडे, ती एका सरळ रेघेत थांबली होती. रेघ इतकी स्वच्छ की तिथे ब्रश धरणाऱ्याने श्वास रोखला असला पाहिजे. पुढचे दात कोरडे होते. एक थेंब नाही.

"खाचा लपवायच्या असत्या तर गोंद पुढे लागला असता," वहिनी म्हणाल्या. "हा सगळा मागे आहे. ज्याने लावला त्याला हाड वाचवायचं होतं, आणि या दातांना धक्का लागता कामा नये हे तुझ्याइतकंच कळत होतं."

मग त्या जिना चढून वर गेल्या. बाकीचे मागोमाग.

अण्णा खिडकीतल्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. वहिनींनी कानाशी वाकून विचारले, जबड्याला गोंद तुम्ही लावलात का? अण्णा लगेच हो म्हणाले. जणू याच प्रश्नाची ते वाट पाहत होते, आणि ते खरेही होते.

पाहुण्याने बघायच्या आधी आपण एकदा बघावे एवढीच त्यांची इच्छा होती. काल संध्याकाळी त्यांनी साचेताईंकडे किल्ली मागितली. साचे घ्यायला तिला त्यांनीच शिकवले होते. ती नाही म्हणू शकली नाही. त्यांनी जबडा आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली तिरप्या उजेडात धरला, आणि पुढच्या दातांवर खाचा दिसल्या. अंधूक, पण दिसल्या. आयुष्यभर बघायच्या राहिलेल्या. मग हात थरथरला, चिमटा दाबला गेला आणि दाढेखाली चीर गेली. त्यांनी हाताशी होता तो गोंद लावला, जबडा जागेवर ठेवला आणि किल्ली परत केली.

"गोंद धुता येतो," अण्णा म्हणाले. "हाड विखुरलं की विखुरलं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?" प्रमुखांनी जवळजवळ ओरडून विचारले, निम्मे रागाने, निम्मे अण्णांना ऐकू जावे म्हणून.

"सांगणारच होतो. सकाळपासून तयार होऊन बसलोय. म्हटलं पाहुणा वर येईल, त्याच्यासमोर सांगीन की मी चुकलो, ते वटवाघूळ नव्हे. कुणी आलंच नाही."

मग वहिनींनी अण्णांच्या कानात ते सांगितले जे सगळ्यांनी त्यांच्यापासून जपून ठेवले होते: खाली साचेताईंवर चोरीचा आळ आला आहे.

अण्णा काठी शोधू लागले.

७

ते खाली आले आणि प्रमुखांना म्हणाले, किल्ली मी मागितली होती, हिने दिली. काय करायचे ते माझे करा. प्रमुख म्हणाले, तुमचे काय करणार? मग चिकटपट्टी कापली गेली. पाहुण्यांनी मागच्या टोकावरचा गोंद एका कणापुरता, गोंद विरघळवणाऱ्या ॲसिटोनने पुसला, परवानगी मागितली आणि जीभ लावली. या वेळी जबडा चिकटला. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली खाचा दिसल्या, एकीशेजारी एक, नांगरलेल्या रानासारख्या. पाहुण्यांनी खुर्ची आधी संशोधिकेला दिली, मग अण्णांना. स्वतःच्या पुस्तकाबद्दल ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसत राहिले. अण्णा बघून झाल्यावर संशोधिकेला एवढेच म्हणाले, "तुझं बरोबर आहे." महिनाभरातले त्यांचे तिच्याशी पहिले वाक्य. तिला रडू आले, तेव्हा त्यांना वाटले तिला ऐकू आले नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा मोठ्याने म्हटले.

प्रमुख साचेताईंना बाजूला घेऊन काही बोलू लागले. वहिनी मध्ये पडल्या.

"भाऊजी, आळ मोठ्या दालनात घेतला होतात ना? मग माफीला कोपरा कशाला?"

पुन्हा सगळ्यांना बोलावण्यात आले. प्रमुखांनी सगळ्यांदेखत सांगितले की जबडा कुठेही गेला नव्हता, साचेताईंचा काडीचाही दोष नव्हता, आणि आपण न बघता बोललो. सांगताना त्यांना घाम फुटला, पण त्यांनी एकही शब्द गिळला नाही. नोकरी आहे तशीच राहील, म्हणाले.

साचेताईंनी ते उभ्याने ऐकून घेतले. किल्ली मी दिली हे खरे आहे, त्याबद्दल बोलणी खायला तयार आहे, असे त्या म्हणाल्या. कुणी त्यांना बोलले नाही. मग त्यांनी पिशवी उचलली. प्रमुख घाबरून म्हणाले, निघालात कुठे?

"घरी. उद्या येईन. आज साचा नीट निघायचा नाही माझ्याच्याने."

वहिनीही त्यांच्याबरोबर बाहेर पडल्या. कवळीवाला म्हातारा अजून दवाखान्यात तोंड उघडून बसला असेल, अशी त्यांना भीती होती. पायऱ्यांवर ऊन होते. दोघी उतरल्या. खालच्या पायरीवर साचेताई थांबल्या.

"डॉक्टर, एक सांगू? मागची दाढ ठणकते माझी. सहा महिने झाले."

"आणि हे आत्ता सांगताय?"

साचेताईंनी गालावर हात ठेवला आणि ओशाळून हसल्या. त्या म्हणाल्या की तशी सवय झाली आहे, लवंग धरून निभावते. वहिनींनी त्यांचा खांदा धरून त्यांना उन्हाच्या बाजूला वळवले.

"आ करा."

"इथे? रस्त्यात?"

"इथेच. उजेड चांगला आहे."

येणारेजाणारे बघत होते. साचेताईंनी पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले आणि तोंड उघडले.